खिळ्यावरची पिशवी

माझ्या सुनेला तोंड आहे की नाही, असं लोक मला विचारतात. आहे. पण ते ती फक्त जेवायला वापरते. बाकी सगळं हातानं करते, आणि करून झालं की मग मला कळतं.

आमच्या चांद्र वर्षाच्या दुसऱ्या महिन्याचा पहिला दिवस. मी ओसरीवर कालवं उघडत बसले होते. सिउलान आत देव्हाऱ्याशी गेली, टाचा उंचावून भिंतीवरची औषधांची पिशवी खिळ्यावरून काढली आणि काखेत मारून चालू लागली. विचारणं नाही, सांगणं नाही. तो खिळा माझ्या नवऱ्यानं ठोकलेला. नवरा गेला, खिळा राहिला, आणि एकतीस वर्षं त्यावर पिशवी लटकतेय. गावात घरटी एक पिशवी, सगळीकडे एकाच जागी, देव्हाऱ्याच्या डाव्या हाताला. औषधवाला दोन महिन्यांनी फटफटीवरून येतो, जे संपलं असेल ते पुन्हा भरतो. तापाच्या गोळ्या, पोटाचं चूर्ण, खोकल्याचं औषध, डोकेदुखीच्या पुड्या.

"सिउलान, कुठे निघालीस पिशवी घेऊन?"

"टाकायला."

"टाकायला? कुणाला विचारून?"

"घरात आता औषध नको, आई. काहीच नको. यांच्यासाठी."

'हे' म्हणजे माझा मुलगा तेकसेंग. वय अडतीस, खांदे बैलाचे, अक्कल शिंपल्याची. आमच्याकडची माणसं थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून कालवांच्या माळा ओढतात. उत्तरेचा वारा असा की नाकातलं पाणी ओठावर यायच्या आत गारठतं. म्हणून सर्दीचं ते गोड, तपकिरी औषध सगळेच पितात. एक झाकण, दोन झाकणं. तेकसेंगनं झाकण सोडलं आणि बाटली धरली. मग दोन. मग सात. सर्दी उन्हाळ्यात गेली, बाटली गेली नाही.

पहिल्या महिन्यात तो तराफ्यावर उभ्या उभ्या झोपला आणि माळेसकट पाण्यात गेला. सिउलाननं त्याला होडीच्या आकडीनं कॉलरला धरून वर काढलं. किनाऱ्यावर आली तेव्हा तिचे दात वाजत होते. तशीच माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, पुढच्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी यांना देवाचं धुपाटणं उचलायचंय. तोवर हे सुटले तर मी राहीन. नाही सुटले तर मी काओश्युंग शहरात, भावाकडे. समुद्रातून मी यांना दुसऱ्यांदा काढणार नाही."

अकरा वर्षांत ती एवढं सलग बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी दाराशी तिचं गाठोडं बांधून ठेवलेलं. निळ्या फडक्यात. येता-जाता माझ्या पायाला लागायचं.

मला काही तिच्यावाचून अडत नव्हतं. तराफ्यावर कोण जाणार, माळा कोण बांधणार, मला पाठीला तेल कोण लावणार, एवढंच आपलं मनात आलं.

आणि धुपाटण्याचं म्हणाल, तर तो मान साधा नाही. वांगया देवाचं मोठं धुपाटणं वर्षभर ज्याच्या घरी राहतं, तो गावाचा मानकरी. देव स्वतः निवडतो, कौलानं. चंद्रकोरीसारखे लाकडाचे दोन ठोकळे जमिनीवर टाकायचे. एक पालथा, एक उताणा पडला तर देव हो म्हणाला. दोन्ही पालथे, तर नाही. ज्याच्या नावाला लागोपाठ जास्तीत जास्त होकार, तो मानकरी. तेकसेंगच्या नावाला सात आले. सात! सरपंचाच्या पोराला तीन. माझं नाव बोंगची, म्हणजे 'वाढवा कशीतरी'. आईबापाला पाचवी मुलगी झाली तेव्हा ठेवलेलं. त्या बोंगचीच्या घरी देवाचं धुपाटणं येणार होतं. ते गावच्या रस्त्यानं दोन्ही हातांत धरून, मान ताठ ठेवून आणायचं असतं. हातात कंप असलेल्या माणसाचं ते काम नव्हे.

तर सिउलाननं पिशवी टाकली. कुठे टाकली ते मेली सांगेना. पलंगाखालच्या, पाण्याच्या टाकीमागच्या, माझ्या नवऱ्याच्या जुन्या बुटांतल्या अशा चौदा बाटल्या शोधून काढल्या आणि मागच्या गटारात ओतल्या. तासाभरानं शेजारची आकी बोंबलत आली.

"बोंगची! माझी बदकं मेली गं, नऊच्या नऊ!"

जाऊन पाहिलं तर बदकं गटाराकाठी पाय वर करून घोरत होती. दुपारी उठली आणि दिसेल त्याला चावायला धावली.

"हे काय पाजलंस गं माझ्या बदकांना?" आकी म्हणाली.

"सर्दी होती त्यांना," मी म्हटलं.

त्याच दिवशी मी देवळात गेले. उदबत्त्या लावल्या, गुडघे टेकले, ठोकळे ओंजळीत धरून स्पष्ट शब्दांत विचारलं, "वांगया देवा, माझ्या घरातलं जे माणूस औषधाला लागलंय, ते सोळाव्या दिवसाच्या आत सुटेल का?"

ठोकळे टाकले. दोन्ही उताणे. दोन्ही उताणे म्हणजे होही नाही, नाहीही नाही, देव हसतोय.

पुन्हा टाकले. हसला. तिसऱ्यांदा टाकले. एक ठोकळा गरगर फिरला, मला वाटलं आता पालथा होईल, पण नाही. हसलाच.

आकी तिथेच अंगण झाडत होती. तिला दुसऱ्याच्या कौलात नाक खुपसायची सवय. म्हणाली, "देव तीनदा हसला म्हणजे प्रश्न चुकला गं तुझा."

"माझा प्रश्न कधी चुकत नाही. देवालाच आज थट्टा सुचलीय."

घरी आले तेव्हा मला कपाळाच्या डाव्या बाजूला बारीक ठणका लागला होता. वाटलं, उदबत्त्यांचा धूर.

पहिला दिवस तसा गेला. तेकसेंग जांभया देत होता. एक संपायच्या आत दुसरी, जबडा निखळेल अशा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. त्याला सिउलाननं ओसरीवर माझ्यासमोर स्टुलावर बसवलं आणि हातात कालवं उघडायची आखूड सुरी दिली.

"त्याला झोपू दे," मी म्हटलं.

"हात रिकामे राहिले की डोकं बाटलीत जातं," ती म्हणाली. "माझ्या भावाला असंच बसवलं होतं. तोही ट्रक चालवताना हेच प्यायचा. तिसरा दिवस वाईट. पाचव्या दिवशी स्वतः पेज मागतो. मागितली की जिंकलो."

"तुझ्या भावाचं मला कशाला सांगतेस? माझा मुलगा आहे तो. त्याला पलंगाला बांध. कालवांचा दोर आहे, तो तुटत नाही."

"बांधायचं नाही."

बस. संपलं बोलणं. मी सासू, आणि मला 'नाही'.

दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. पिसं उपटलेल्या बदकासारखी कातडी. घाम येतोय आणि थंडीही वाजतेय. पाय आपोआप झटकत होते. एक लाथ कालवांच्या टोपलीला बसली, एक मला. पोट असं बिघडलं की गोधडी गुंडाळून अंगणापलीकडच्या संडासात तो दिवसभर येरझाऱ्या घालत राहिला. पलीकडून आकी प्रत्येक फेरीला मोजायची, "अकरा! तेकसेंग, बारावीला पळ काढ, वाटेत होईल!" त्याच्या दोन्ही विजारी धुवायला गेल्या. मग सिउलाननं त्याला माझी फुलाफुलांची सुती विजार दिली. ती त्याला गुडघ्यापर्यंत आली.

शिंका तर विचारू नका. एका दमात सतरा. सतराव्या शिंकेला त्याच्या हातातलं कालव उडून माझ्या केसात.

"माझ्या डोक्यात घण पडताहेत आणि तू वर कालवं मार," मी ओरडले.

"तुझ्या डोक्याला काय झालं?" तो म्हणाला. नाक पुसायचं भानही नव्हतं त्याला.

"वारा लागलाय. आणि तुझी बायको पेज पातळ करते."

खरं तर वारा त्या दिवशी पडलेला. पण डोकं असं ठणकत होतं की सुरी शिंपल्यात घातली की आवाज कवटीत व्हायचा. मळमळत होतं. टीव्हीवर गाण्याचं नाटक लागलं, त्यात आई मुलाला ओळखत नाही असा प्रवेश, आणि आम्ही दोघं रडलो. तेकसेंग रडला ते ठीक. मी दरवर्षी ते नाटक बघते आणि त्या आईला शिव्या घालते. मी पेजेचा वाडगा सरकवला, मांजराला लाथ मारली, पोस्टमनला चोर म्हटलं. कुणाला नवल वाटलं नाही. माझा स्वभावच तसा, असं धरून चालले सगळे. एवढी वर्षं कमावलेलं नाव असं कामी येतं.

एक सिउलान तेवढी माझ्याकडे बघत राहिली.

आता सांगून टाकते. मी डोकेदुखीची पुडी घेते. म्हणजे घ्यायचे. सकाळी उठल्यावर एक, कालवं उघडायला बसण्याआधी एक, दुपारी एक. कागद फाडायचा, जिभेवर कडू पूड ओतायची, वर गरम पाणी. कुणाचं मर्तिक असलं तर जाण्याआधी एक जास्त. याला कुणी व्यसन म्हणतं का? माझी आई घ्यायची, सासू घ्यायची. काम करणाऱ्या बाईनं घ्यायचीच असते ती. दारू पुरुषांची, पुडी बायकांची. मी तेकसेंगला "बाटलीला चिकटलेलं गोचीड" म्हणत होते तेव्हा माझ्या खिशात पुडी असायची, आणि त्यात काही विचित्र आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भरती दुपारची होती. सिउलान माझ्या पुतण्याला घेऊन तराफ्यावर गेली. जाताना म्हणाली, "आई, यांच्याजवळ बसा. आजचाच दिवस कठीण."

"मी कुठे जातेय?"

तेकसेंग आतल्या पलंगावर गोधडीखाली डोक्यापर्यंत गुडुप होता. मी त्याच्याजवळ बसले. चार उपदेशाच्या गोष्टी सांगितल्या. तुझा बाप कसा होता, मान कसा आलाय, बायको कशी गाठोडं बांधून बसलीय. तो निमूट ऐकत होता. इतका निमूट तो आयुष्यात कधी नव्हता. झोपला असेल म्हणून मी उठले. डाव्या डोळ्याला दिसेनासं झालं होतं. विचार केला, आकीकडे पिशवी आहे. शेजारधर्म म्हणून एक पुडी कुणीही देईल. आणि आकी नसली तरी शेजारधर्म काही घर सोडून जात नाही.

मागच्या बाजूनं, गटार ओलांडून गेले. आकीची बदकं मला बघून फिस्कारली. दार नुसतं लोटलेलं. आत अंधार. देव्हाऱ्याच्या डाव्या हाताला हात घातला. सवयीनं, न बघता. हाताला खिळा लागला. नुसता खिळा.

"आई?"

मी किंचाळलेच. बाकावर, मांडीवर आकीची पिशवी घेऊन, माझ्या फुलाफुलांच्या विजारीत, माझा मुलगा बसला होता.

"तू इथे काय करतोयस?"

"तू काय करतेयस?"

"मी आकीला भेटायला आले."

"आकी नाहीये घरात."

"ते दिसतंय मला. आणि तू पलंगावर आहेस! मी आत्ता तुझ्याशी बोलून आले!"

"ते जाळं आहे," तो म्हणाला. "गोधडीखाली जाळं घातलंय."

म्हणजे अर्धा तास मी जाळ्याला उपदेश केला होता.

त्याच्या हातात खोकल्याची बाटली होती. लहान मुलांची, करंगळीएवढी. झाकण काढलेलं. हात असा थरथरत होता की अर्धी मनगटावर सांडलेली. मी पुढे झाले, "ठेव ती. ठेव आधी." आणि तेवढ्यात माझी नजर पिशवीत गेली. पुड्यांचा गठ्ठा, वर रबर लावलेला. तेकसेंगनं माझ्या नजरेकडे बघितलं. मग लहानपणापासूनची सवय, मी कालवं उघडत असले की हाच पुडी आणून द्यायचा. त्यानं गठ्ठ्यातली एक काढली आणि माझ्यासमोर धरली.

"घे. यासाठीच आलीस ना?"

माझ्या हातानं ती घेतली. मी नाही, हातानं.

"माझं वेगळं आहे," मी म्हटलं. "माझं डोकं दुखतं."

"कधीपासून?"

"परवापासून."

"परवा पिशवी गेली."

"वारा—"

"आई, वारा पडलाय." तो रडत होता की नाक गळत होतं, कळत नव्हतं. "मला तर वाटलं, एकट्या माझीच हाडं फुटताहेत. तू घे तुझी. मी माझी पितो. सिउलानला दोघं मिळून सांगू, जमलं नाही म्हणून. तू असलीस तर ती फार बोलणार नाही."

"ती तशीही बोलत नाही. ती जाईल."

"मग तू ठेव आधी."

"मी का आधी? तू पोरगा आहेस."

"तू आई आहेस. तू घेतलीस तर मीही घेतो. तू ठेवलीस तर मी ठेवतो. बोल."

आयुष्यात मी घासाघिशीत हार मानलेली नाही. पण हा पोरगा माझ्याच रक्ताचा. बाटली ओठांपर्यंत नेऊन थांबला होता आणि माझ्या हाताकडे बघत होता. पुडीचा कोपरा मी फाडलेला. कडू वास नाकात गेला, तोंडाला पाणी सुटलं. जिभेवर पूड, एक घोट पाणी, आणि कपाळावरचा घण थांबला असता. मला दाराशी ठेवलेलं ते निळं गाठोडं दिसत होतं.

मी पुडी बाकावर ठेवली. एकसष्ट वर्षांत एवढं जड मी काही उचललं नव्हतं, आणि ही तर खाली ठेवायची होती.

तेकसेंगनं बाटली शेजारी ठेवली. झाकण लावायला त्याला चार प्रयत्न लागले.

"अगं बाई!" दारात आकी उभी. काखेत भाजीची जुडी, पायाशी नऊ बदकं. तिनं बाकाकडे बघितलं, पुडीकडे, बाटलीकडे, माझ्याकडे, माझ्या विजारीतल्या तेकसेंगकडे. मग तिनं जुडी खाली टाकली आणि दाराची चौकट धरून हसायला लागली.

"म्हणून हसला! तीनदा हसला! तू विचारलंस, घरातलं माणूस सुटेल का. देव म्हणतो, बाई, कुठलं?"

"हसून झालं की दार नीट लाव," मी म्हटलं. "तुझ्या घरात कुणीही शिरतं."

सिउलान भरती ओसरल्यावर आली. आकीनं तिला बंदरावरच गाठलं असणार. गावात बातमी होडीच्या आधी पोचते. मी मनाशी पक्कं करून बसले होते, की ती एक शब्द बोलली तर मी दहा बोलेन. तिनं पाय धुतले. आत गेली. आणखी एक स्टूल आणलं, तेकसेंगच्या शेजारी ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मग दोन वाडगे आल्याचं गरम पाणी आणलं. दोन.

मी दहातला एकही शब्द न वापरता त्या स्टुलावर बसले.

चौथा दिवस आम्ही शेजारी शेजारी काढला. त्याला शिंक आली की माझं डोकं फुटायचं. मी ओरडले की त्याचा पाय उडायचा. संडासाकडे तो पळायचा, मी ओकायला गटाराकडे. गावातल्या बायका कालवं मागायच्या निमित्तानं येऊन बघून जायच्या. त्या दिवसांत आमच्या दोन घरांत मिळून नशा उतरणारे अकरा जीव होते, आणि नऊ बदकं आमच्यापेक्षा लवकर शुद्धीवर आली. पण एक बघितलं. मायलेकांनी मिळून चौथ्या दिवशी सहा टोपल्या कालवं उघडली. एरवी तो बाटलीच्या धुंदीत दोनही उघडत नसे.

पाचव्या दिवशी सकाळी तेकसेंग उठला, ओसरीवर आला, तोंड वेडंवाकडं करून म्हणाला, "पेज आहे का? रताळं घातलेली?"

सिउलान चुलीशी पाठमोरी होती. तिनं वळून बघितलं नाही. पळी मात्र तिच्या हातून पातेल्यात पडली.

"मलाही," मी म्हटलं. "आणि घट्ट कर जरा."

त्या दुपारी दोरीवर तिचा हिरवा ब्लाउज वाळत होता. तो मी गाठोड्यात सगळ्यात वर बांधलेला पाहिला होता. मी काही बोलले नाही. तिच्या संगतीत मलाही आता न बोलायची सवय लागतेय की काय, अशी धास्ती वाटली.

सोळाव्या दिवशी तेकसेंगनं धुपाटणं उचललं. सहा किलो वजन कमी झालेलं, कोट खांद्यावर लोंबत होता, पण हात असे स्थिर की राखेचा कण हलला नाही. ढोल, फटाके, दोन्ही बाजूंना गाव. सरपंचाच्या दारासमोर तेकसेंगच्या नाकपुड्या फुगल्या. मी चार पावलं मागे होते, मला कळलं. सिउलान त्याच्या बाजूनं चालत होती. तिनं न बघता हात वर केला आणि सगळ्या गावासमोर नवऱ्याचं नाक चिमटीत धरलं. तसाच तो आमच्या दारापर्यंत आला. धुपाटणं देव्हाऱ्यावर ठेवलं, दोन पावलं मागे सरला आणि मग शिंकला. मोजल्या मी. एकोणीस.

मी ठोकळे टाकले. विचारलं, "आता झालं का तुझं हसून?" एक पालथा, एक उताणा. पहिल्याच फटक्यात.

दोन दिवसांनी औषधवाल्याची फटफटी दारात थांबली. पुतण्या जाळं विणत होता, आकी कुंपणावर कोपर टेकून उभी, तेकसेंग आणि सिउलान माळा बांधत होते. औषधवाला सवयीनं, न विचारता आत येतो. नवी कोरी पिशवी घेऊन तो थेट देव्हाऱ्याच्या डाव्या हाताला गेला.

"काय मावशी, खिळा रिकामा? जुनी फाटली वाटतं. तुमच्या पुड्या जास्तीच्या घातल्यात बघा. तुमचा खप मला माहिती आहे."

कागदाच्या आतून तो कडू वास आला. माझी जीभ टाळ्याला चिकटली. आकीनं हसू गिळलं. तेकसेंगच्या हातातला दोर थांबला. आणि सिउलान, जिनं मला न विचारता सगळं केलं होतं, ती पहिल्यांदाच काही न करता माझ्याकडे बघत उभी राहिली. विचारत होती. तोंडानं नाही, पण विचारत होती.

मी सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सिउलान, त्या दिवशी माझ्या भिंतीवरची पिशवी तू मला न विचारता काढलीस. तो गुन्हा आहे, आणि मी मरेपर्यंत तो तुझ्या नावावर राहील, माफी नाही. आता पक्कड आण आणि तो खिळाही उपट. हा मात्र मी सांगतेय म्हणून."